सहा ओळींची जागा

प्रोफेसर मेतोदी दोसेव गेले तेव्हा प्लोव्दिव शहराच्या अर्ध्या भिंतींवर त्यांचा फोटो लागला. तसा तो सगळ्यांचाच लागतो. माणूस गेला की घरच्यांनी काळ्या चौकटीतला कागद छापायचा आणि दारावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटवायचा. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. पण दोसेवांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांचा कागद त्यांच्या संशोधन संस्थेने छापला आणि त्यावर लिहिलं, ‘या शहरातील पहिल्या गणकयंत्राचे जनक, दहा ग्रंथांचे लेखक’. त्यांची टायपिस्ट दाफिना हिने तो आपल्या इमारतीच्या दारावर स्वतःच्या हाताने चिकटवला, चारही कोपरे नीट दाबले, आणि वाचून झाल्यावर शेजारणीला म्हणाली, “ग्रंथांचे लेखक म्हणे. जन्मात एक पान स्वतः टाइप केलं नाही या माणसाने.”

असं म्हणायचा तिला पूर्ण अधिकार होता. दहाच्या दहा पुस्तकांचं पान न् पान तिच्या बोटांखालून गेलेलं, आणि अकराव्याचंही, जे अजून छापायचं होतं.

दाफिनाची आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. पुढे ती वखार बंद पडली आणि तिच्याच वरच्या मजल्यावर दोसेवांनी आपलं यंत्र उभं केलं. खोलीभर लोखंडी कपाटं आणि त्यांत काचेचे शेकडो दिवे. दिवे तापले की लाकडी फळ्यांत मुरलेला तंबाखू वास सोडायचा आणि राजधानीहून आलेले मोठमोठे इंजिनियर शिंकून शिंकून बेजार व्हायचे. टायपिस्ट म्हणून रुजू झाली त्या सकाळी तो वास दाफिनाच्या नाकात शिरला आणि तिला एकदम घरच्यासारखं वाटलं. आईच्या कपड्यांनाही हाच वास असायचा.

दोसेव लिहायला कधी बसत नसत. हात मागे बांधून खोलीत फेऱ्या मारायचे आणि सांगायचे. ती टाइप करायची. सूत्र आलं की ते गप्प व्हायचे, कारण टाइपरायटरवर ती चिन्हं नव्हतीच, मग सांगून उपयोग काय? ते गप्प झाले की दाफिनाने रूळ फिरवून जागा सोडायची. जरासे गप्प, तर जराशी जागा. बराच वेळ गप्प, तर मोठी. संध्याकाळी ते हिरव्या शाईचं पेन घेऊन बसायचे आणि त्या मोकळ्या जागांत एकेक सूत्र भरायचे. जागा कधी कमी पडली नाही. किती सोडायची हे कसं कळतं, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “पावाच्या पिठात मीठ किती घालायचं ते कळतं ना, तसंच.”

पान मात्र निर्दोष हवं. एक स्वल्पविराम चुकला तर अख्खं पान नव्याने, खालच्या सगळ्या कार्बन प्रतींसकट. “दाफिनाबाई, वाचणारा स्वल्पविरामावर अडखळतो आणि दोष माझ्या विचाराला देतो,” असं अगदी सौम्यपणे म्हणून ते पान परत द्यायचे. ती घ्यायची. ते वळले की त्यांच्या पाठीला उद्देशून ती जे पुटपुटायची ते इथे लिहीत नाही.

लग्न तिने केलं नाही. का, असं विचारणाऱ्या बाईला ती उलट विचारायची, “तू केलंस, काय मिळालं?” लोकांनी अर्थातच तिचं आणि प्रोफेसरांचं नाव जोडून पाहिलं. लोकांना दुसरे उद्योग नसतात. तसं काही नव्हतं, आणि ज्यांना असावंसं वाटतं त्यांनी रूसाबाईंना पाहिलं नव्हतं.

रूसा म्हणजे दोसेवांची बायको. ठेंगणी, गोरीपान, जिभेची तिखट. प्रोफेसर निवृत्त झाले आणि दाफिना त्यांच्या घरी जाऊन काम करायला लागली, तेव्हा अभ्यासाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. नवऱ्याला हाक मारायची रूसाला बंदी होती, कारण हाकेने वाक्य तुटतं. मग नवराबायकोने तोड काढली. कॉफीला फेस यायला लागला की रूसा लाकडी चमच्याने भिंतीवर एक ठोका द्यायची. प्रोफेसर वाकवलेल्या बोटाने उलट ठोका द्यायचे, म्हणजे ऐकलं, येतोय. उलट ठोका आला नाही तर ती जरा थांबून पुन्हा द्यायची. तरीही काही नाही, तर कॉफी दाफिनाला बोलावून दोघींत संपवायची.

आणि हा माणूस असा, की त्याने ही भिंत पुस्तकात घातली. दूरदूरच्या दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं कसं, निरोप पोचला हे पाठवणाऱ्याला कळायचं कसं, नाही पोचला तर पुन्हा केव्हा पाठवायचा, यावरचं त्यांचं पुस्तक परदेशातले लोकसुद्धा भाषांतर करून वाचतात. त्यात फक्त ‘पहिलं यंत्र’ आणि ‘दुसरं यंत्र’ एवढंच आहे.

“बघ गं दाफिना,” रूसा म्हणायची, “जन्मभर कॉफी पाजली आणि झाले काय, तर दुसरं यंत्र. नाव तरी घालायचं की नाही.”

“प्रस्तावनेत आभार मानलेत,” प्रोफेसर कपातून वर न बघता म्हणायचे.

“कुणाचे? ‘माझ्या घरच्यांचे.’ त्यात मांजरही आलं.”

ते हसायचे, पण नाव कधी घातलं नाही. पुस्तकात खाजगी काही येता कामा नये, हा त्यांचा नेम होता, आणि नेमाच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते. टाइपरायटर सोडून स्वतःच्याच यंत्रावर का लिहीत नाही, या प्रश्नालाही त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. “यंत्रासमोर बसलं की मी यंत्रासाठी लिहायला लागतो. दाफिनाबाई समोर असल्या की माणसासाठी लिहितो.” हे ऐकून दाफिना त्या दिवशीचे सगळे स्वल्पविराम माफ करायची.

एका शरद ऋतूत रूसा गेली. हृदयाचं दुखणं होतंच, पण सगळं इतक्या झटक्यात संपेल असं कुणाला वाटलं नव्हतं. दफन झालं, जेवण झालं, आणि चाळीस दिवस पुरे होताच प्रोफेसरांनी दाफिनाला फोन केला. “पुस्तक राहिलंय,” म्हणाले. ती गेली. घरात तिसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. काम जुन्याच पद्धतीने सुरू झालं. हे अकरावं पुस्तक उत्तराची वाट पाहणाऱ्या यंत्राबद्दल होतं.

बाहेर धुकं असलेल्या एका सकाळी ते फेऱ्या मारत सांगत होते. “पहिल्या यंत्राने निरोप पाठवला आहे. उत्तर येत नाही. पलीकडचं यंत्र नुसतं हळू चालतंय की कायमचं बंद पडलंय, हे इकडून कळायला काहीही मार्ग नाही. मग पहिल्या यंत्राने किती वेळ थांबावं?”

इथे ते गप्प झाले. दाफिनाने वर पाहिलं. कॉफीची वेळ झाली होती. फेरी मारता मारता ते भिंतीशी येऊन थांबले होते, तोंड भिंतीकडे, उजवा हात अर्धा वर उचललेला, बोट वाकवलेलं. ठोका आला की उत्तर द्यायला तयार.

तिला ते बघवेना. एवढ्या वर्षांत या माणसाला तिने रडताना पाहिलं नव्हतं, आणि हे तर रडण्याहून वाईट होतं. तिने मान खाली घातली आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून रूळ फिरवला. एक ओळ, दुसरी, तिसरी. रुळाची कटकट तेवढी खोलीत होत होती. सहा ओळी झाल्या तेव्हा प्रोफेसरांनी हात खाली घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, “कधीतरी थांबणं सोडून पुढच्या कामाला लागावं लागतं. लिहिलंत?”

“लिहिलं,” दाफिना म्हणाली.

संध्याकाळी ते हिरवं पेन घेऊन बसले. ती कोट चढवता चढवता बघत होती. त्या पानावर पेन थांबलं. आता म्हणतील, दाफिनाबाई, ही जागा कशाला सोडलीत, पान पुन्हा करा. एका स्वल्पविरामासाठी पान फाडणारा माणूस. त्यांनी त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पान उलटलं.

हिवाळ्याअखेर पुस्तक पुरं झालं आणि मार्चमध्ये प्रोफेसर गेले. जायच्या आधी दवाखान्यात त्यांनी दाफिनाला कागदांचं जाडजूड बाड दिलं. “छापून होईपर्यंत तुमच्याकडे असू दे,” म्हणाले. “मी घातलं नाही ते आत जाता कामा नये.”

छापण्याची जबाबदारी यासेन ताशेववर आली. हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. चाळिशीचा, केस सदा विस्कटलेले, बोलायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. मनाने सोन्यासारखा, पण संस्थेत त्याला दिवस वाईट होते. गुरूच्या सावलीत वाढला, स्वतःचं असं काय केलं, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायला लागले होते, आणि प्रोफेसरची जागा त्याला द्यायची की नाही हे ठरायचं होतं.

तो दाफिनाच्या स्वयंपाकघरात बसून पानं उलटत होता, तो एकदम थांबला. “मावशी, हे पान अपुरं आहे.”

“कुठलं?” ती म्हणाली, पण तिला माहीत होतं.

“किती वेळ थांबावं, असा प्रश्न विचारलाय आणि खाली जागा कोरी. सूत्र भरायचं राहिलं सरांचं. सगळ्या पुस्तकाचा जीव आहे तो. तुम्हाला आठवतं का, ते काय म्हणाले इथे?”

“काही नाही म्हणाले. गप्प होते.”

“किती वेळ?”

“सहा ओळींएवढा.”

“सहा ओळी,” यासेनचे डोळे चमकले. “म्हणजे भलं मोठं सूत्र. म्हणजे त्यांना सापडलं होतं.”

तेव्हाच सांगून टाकायचं. पण सांगायचं काय? बायकोचा ठोका येईल म्हणून एक म्हातारा माणूस भिंतीशी हात उचलून उभा होता, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? ज्याने साधं नाव पुस्तकात येऊ दिलं नाही, त्याची ती सकाळ आपण कुणाच्या हातात द्यायची? शोधेल थोडे दिवस, थकेल, सोडून देईल, असं दाफिनाला वाटलं. यासेनला ती ओळखत नव्हती असंच म्हणायला हवं.

तो थकला नाही. उन्हाळाभर फोन करत राहिला. झोपत नाही, जेवत नाही, बायको माहेरी गेली, पण वाट दिसायला लागली आहे मावशी. दरवेळी फोन ठेवल्यावर दाफिना बाड काढून ते पान पुन्हा बघायची.

सप्टेंबरमध्ये, सहा महिन्यांचा कागद भिंतींवर लागला त्याच आठवड्यात, तो धापा टाकत जिने चढून आला. त्या दिवसांत अख्खी इमारत भाजलेल्या मिरच्यांच्या वासाने भरलेली असते. दाफिनाही बाल्कनीत लाल मिरच्या भाजून त्यांची सालं काढत बसली होती. हात कोपरापर्यंत माखलेले.

“सापडलं,” यासेन म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. “सहा ओळी, मावशी. बरोबर सहा ओळी भरतात. आधी किती वाट पाहिली ते हिशेबात घेऊन किती थांबायचं ते निघतं. काल संस्थेच्या मंडळापुढे मांडलं. माणसं उभी राहिली. ‘दोसेवांचं अखेरचं सूत्र’ म्हणून पुस्तकात जाणार, आणि ते शोधून काढणारा म्हणून माझंही काम होणार.” त्याने दुसऱ्या खिशातून एक शाईची बाटली काढून टेबलावर ठेवली. हिरवी. “फक्त ते पान तेवढं काढून द्या. पुस्तकात त्या पानाचा फोटो द्यायचाय. त्यांच्या अक्षरात मी भरतो. कुणी फसवणूक म्हणणार नाही, त्यांचंच तर आहे.”

दाफिनाने हातातली मिरची खाली ठेवली. बाटलीकडे पाहिलं. ती प्रोफेसरांचीच होती; बूच चिकटू नये म्हणून त्याला लावलेला मेणकागद तिनेच कापून दिलेला होता.

“बस,” ती म्हणाली. “आणि मी बोलेन तेवढा वेळ तोंड बंद ठेव. जमेल?”

तिने सांगितलं. चमचा, ठोका, उलट ठोका, धुकं, भिंत, उचललेला हात. रूळ तिने का फिरवला तेही सांगितलं. संध्याकाळी त्यांनी पान कसं उलटलं तेही.

यासेनने हातातला कागद उलगडला आणि पुन्हा मिटला. शेजारच्या बाल्कनीत कुणीतरी रेडिओ लावला होता.

“हे तुम्ही वसंतातच का नाही सांगितलं?” तो म्हणाला. आवाज अगदी खालचा होता.

“वाटलं, तू सोडून देशील.”

“सोडून देईन म्हणे. मी उन्हाळाभर त्या सहा ओळींत राहिलो, मावशी. घर सोडून राहिलो. आणि तिथे काही नव्हतंच.”

“होतं,” दाफिना म्हणाली. “तुझं सूत्र नव्हतं एवढंच.”

“सूत्र चूक नाही.”

“मी कुठे चूक म्हणते? मला त्यातलं काय कळतं? बरोबरच असेल. पण ते तुझं आहे, पोरा, तुझ्या नावाने छाप. त्यांना कशाला देतोस?”

“माझ्या नावाने छापलं तर कोण वाचेल? त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं, माझ्या नावाने घड्याळ बघतील.” तो उठला. “आणि मी आता जाऊन काय सांगू? की सर भिंतीशी उभे होते? हसतील लोक. त्यांना हसतील. तसं चालेल तुम्हाला?”

हे मात्र वर्मी लागलं. माखलेले हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, “ती जागा रूसाबाईंची आहे. त्यांना एवढ्या पुस्तकांत तेवढीच मिळाली. त्यात दुसरं काही भरायला मी देणार नाही. पान घरात आहे, आणि मी म्हातारी असले तरी दार लावता येतं मला.”

यासेनने कागद खिशात घातला आणि निघून गेला. शाईची बाटली टेबलावरच राहिली.

हिवाळाभर त्याचा फोन आला नाही. बाडाची कार्बन प्रत, सूत्रंही उतरवलेली, संस्थेत होती, हे दाफिनाला पक्कं माहीत होतं, तिनेच केलेली. छापायला तिचं पान लागतच नव्हतं. फोटो नसेल, एवढंच. सूत्र घालायचं ठरवलं तर त्याला अडवणारं कुणी नव्हतं, आणि एकदा छापलं की पुढची शंभर वर्षं लोक तेच दोसेवांचं म्हणून वाचणार. संस्थेत ओळखीच्या बाईला तिने एकदा विचारलं. ती म्हणाली, “ताशेव कुणाशी बोलत नाही. मंडळापुढून प्रोफेसरच्या जागेचा अर्ज मागे घेतला म्हणतात. का, देव जाणे.” याचा अर्थ काय लावायचा ते दाफिनाला कळेना. मी घातलं नाही ते आत जाता कामा नये, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि एवढं एक काम आपल्याकडून झालं नाही, या विचाराने तिची कितीदा जेवणावरची वासना उडाली.

मार्चमध्ये वर्ष झालं. चौथा कागद भिंतीवर लागला. दाफिनाने पहाटे उठून, गेलेल्यांच्या नावाने वाटतात तो गहू शिजवला, साखर आणि अक्रोड घातले, आणि वाडगं घेऊन ती दफनभूमीत गेली. रूसा आणि मेतोदी एकाच दगडाखाली आहेत. संस्थेतले दहाबारा लोक आले होते, मनगटांवर मार्चच्या रिवाजाचे लाल-पांढरे दोरे बांधून. पाद्र्याने प्रार्थना म्हटली, कबरीवर वाइन ओतली, लोकांनी हातात गहू घेतला आणि ‘देव त्यांना क्षमा करो’ म्हणून हळूहळू पांगले.

यासेन मागे राहिला. वाळला होता. कोटाच्या आतून त्याने पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

“चष्मा नाही आणला मी,” दाफिना म्हणाली. चष्मा पर्समध्ये होता.

“मग मी उघडतो.”

त्याने पान उघडलं. वर प्रश्न होता, मग पहिल्या यंत्राने किती वेळ थांबावं? त्याच्या खाली पांढरी जागा. त्याच्या खाली, कधीतरी थांबणं सोडून पुढच्या कामाला लागावं लागतं. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप. दाफिनाने निमूट चष्मा काढून लावला आणि वाचलं. ‘मूळ प्रतीत येथे सहा ओळींची जागा मोकळी आहे. लेखकाने ती पाहून तशीच ठेवली. येथून काहीही गळलेले नाही.’

“छापखान्यातलं यंत्र ती जागा आपोआप मिटवत होतं,” यासेन म्हणाला. “रिकामी दिसली की खालचं वर ओढायचं. तीनदा मिटवली. शेवटी मी जाऊन त्याच्याशेजारी बसलो.”

“आणि मंडळाला काय सांगितलंस?”

“सूत्र माझं आहे म्हणून सांगितलं. सरांच्या नावावर घातलं ही माझी चूक झाली.” त्याने नाक ओढलं. “घड्याळ बघितलं त्यांनी.”

दाफिनाने त्याचा हात धरून त्यावर गहू वाढला, दोन माणसांना पुरेल एवढा, आणि तो खाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग पुस्तक त्या पानावर उघडंच दगडाला टेकवलं, रूसाच्या नावाच्या बाजूला.

“घ्या बाई,” ती म्हणाली. “आलात एकदाच्या पुस्तकात.”